धर्मग्राम आणि मंडळी : पुण्यातील चर्चच्या वस्तीचा चढउतार

चर्चला जोडलेल्या वस्तीसाठी मराठी ख्रिस्ती समाजात दोन वेगळे शब्द चालतात. वसईकडचा कॅथलिक माणूस ‘आमचा धर्मग्राम’ म्हणतो. पुण्या-नगरकडचा प्रोटेस्टंट माणूस ‘आमची मंडळी’ म्हणतो. इंग्रजीतला ‘पॅरिश’ हा शब्द या दोघांनाही ठाऊक आहे, पण घरात बोलताना फारसा कोणी तो वापरत नाही. या दोन मराठी शब्दांत मोठे अंतर आहे. धर्मग्राम म्हटले की गाव आले, शिव आली, हद्द आली. या ओढ्यापासून त्या रस्त्यापर्यंत जो कॅथलिक राहील तो त्या चर्चचा. मंडळी म्हटले की आधी माणसे आली. ती कुठे राहतात हा नंतरचा प्रश्न. एक शब्द जमिनीवर उभा आहे, दुसरा माणसांवर.

गावाची लोकसंख्या हळूहळू वाढत असते तोवर या फरकाने काही बिघडत नाही. पण वस्ती एकाएकी फुगली किंवा ओसरली, की प्रश्न उभा राहतो. माणसे गेली आणि हद्द तशीच राहिली, तर त्या चर्चचे काय होते? पुणे शहरात हे गेल्या सव्वादोनशे वर्षांत एकदा नव्हे, चार-पाचदा घडले आहे. म्हणून या लेखासाठी मी पुणे निवडले.

माझा या विषयाशी संबंध कसा आला हे वाचक विचारतील, कारण मी ख्रिस्ती नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. माझे गाव वढू बुद्रुक. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते सर्वांना माहीत आहे. आमच्या भीमाकाठच्या गावांत एकोणिसाव्या शतकातले दुष्काळ आणि प्लेग यांनी किती माणसे नेली, हे शोधण्याचा नाद मला तिशीत लागला. सरकारी कागदांत तालुक्याचा आकडा मिळतो, पण माणूस मिळत नाही. नाव, वय, बापाचा धंदा, मरणाचे कारण आणि तारीख हे सगळे एका ओळीत लिहिलेले कुठे सापडेल, असे विचारत फिरलो, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले, ‘चर्चच्या वह्या पाहा.’ तेव्हापासून मी या वह्यांच्या मागे आहे.

त्या वह्यांची पद्धत आधी समजून घेतली पाहिजे. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, १५६३ साली, प्रत्येक धर्मगुरूने बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही ठेवावी असा नियम केला. मृत्यूची वही त्यानंतर १६१४ पासून आली. अँग्लिकन चर्चचीही अशीच शिस्त होती. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले पाद्री आपल्या नोंदींच्या नकला वरिष्ठांकडे पाठवीत आणि तेथून त्या लंडनला जात. त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या शिपायाच्या पोराचा जन्म आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडू शकतो, आणि त्याच वर्षी त्याच छावणीत घोड्याला चंदी घालणाऱ्या मोतद्दाराच्या पोराचा कुठेच सापडत नाही. हे लक्षात ठेवूनच या वह्या वाचाव्या लागतात. त्या सगळ्या गावाची गणती नाहीत. चर्चने ज्यांना आपले मानले, त्यांची ती गणती आहे. ‘आपले’ कोण, ही व्याख्या बदलली की वहीतला आकडा बदलतो. वस्ती वाढली म्हणून आकडा वाढला, की व्याख्या रुंदावली म्हणून वाढला, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

आमच्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, आणि त्यानंतर कंपनीची तैनाती फौज घोडनदीच्या काठी शिरूरला तळ देऊन बसली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. पेशवाई संपल्यावर मोठे लष्कर पुण्याला आणि इतरत्र गेले. पूना हॉर्सचे घोडदळ शिरूरला पुढे बरीच वर्षे होते, मग तेही गेले. छावणीची माणसे गेली. कबरी तेवढ्या राहिल्या. त्यांत कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ साली वारला. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक या कबरीला ‘सत्पुरुष’ म्हणून भजतात आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य दाखवतात. ज्यांच्या धर्माची ती कबर, ते उठून गेले. ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता, त्यांनी ती आपली केली. पुण्याच्या चर्चचा इतिहास पाहताना मला शिरूरची ही कबर वारंवार आठवते. फरक एवढाच, की पुण्यात जे नवे लोक आले ते निदान त्याच धर्माचे होते.

पुण्यातले सर्वांत जुने चर्च नाना पेठेच्या टोकाला, क्वार्टर गेटपाशी आहे. नाव ‘अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन’, पण पुणेकर त्याला सिटी चर्च म्हणतात. ते इंग्रजांनी बांधलेले नाही. ते १७९२ सालचे आहे, म्हणजे पेशवाईतले. सवाई माधवरावांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपाई होते. त्यांचा अधिकारी दों मिगेल द नोरोन्या याने प्रार्थनेसाठी जागा मागितली आणि पेशव्यांनी ती दिली. गोव्याहून धर्मगुरू आला, साधे मंदिर उभे राहिले, आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला पहिली मिस्सा झाली. आज दिसते ती इमारत १८५२ सालची. पुण्याचे ब्राह्मणी राज्य म्हणून जे एकरंगी चित्र आपल्या डोक्यात असते, त्यात ही चार भिंतींची जागा बसत नाही. पण १७९२ च्या पुण्यात संगमावर मॅलेटची इंग्रजी वकिलात होती, जेम्स वेल्स हा चित्रकार दरबारातल्या लोकांची चित्रे काढीत होता, आणि पेशव्यांच्या तोफखान्याला परक्या देशांतले लोक हवेच असत. ज्याला गोलंदाज हवा, त्याला गोलंदाजाच्या देवालाही जागा द्यावी लागते. यात उदारपणा किती आणि हिशेब किती, याचा वाद मी घालत नाही. दोन्ही होते.

१८१८ ला पेशव्यांची फौज मोडली. म्हणजे ज्यांच्यासाठी हे चर्च बांधले ती पलटणच राहिली नाही. सव्वीस वर्षांत पहिली मंडळी संपली. चर्च मात्र बंद पडले नाही, कारण शेजारीच कंपनीचा कॅम्प वसला आणि कॅम्पामागून गोवेकर आले. स्वयंपाकी, शिंपी, पाव भाजणारे, बँडवाले, आया, कारकून. शिपायांचे चर्च नोकरदारांचे झाले. भाषा पोर्तुगीजकडून कोकणीकडे सरकली. धर्मगुरू गोव्याहूनच येत राहिले आणि त्यामुळे पुढे एक मजेदार गुंता झाला.

पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर पोपने जुन्या काळी पालकत्वाचा हक्क दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे रोमने ‘प्रोपागांडा’ नावाच्या आपल्याच खात्यामार्फत धर्मगुरू पाठवायला सुरुवात केली. दोन्ही कॅथलिकच, दोन्ही पोपला मानणारे. पण एकाचा वरिष्ठ गोव्याचा आर्चबिशप आणि दुसऱ्याचा थेट रोमने नेमलेला. पुण्यात सिटी चर्च गोव्याच्या बाजूचे. कॅम्पात मात्र कंपनीच्या पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि आयरिश म्हणजे बहुतेक कॅथलिक. त्यांच्या वर्गणीतून १८५० साली सेंट पॅट्रिक चर्च उभे राहिले. आयर्लंडच्या संताचे नाव पुण्यात आले ते असे. ते रोमच्या बाजूचे. १८५४ च्या सुमारास मुंबई-पुण्याचे हे काम जर्मन जेझुइटांकडे जाऊ लागले, आणि १८८६ साली पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा पहिला बिशप बायडर-लिंडेन हा जर्मनच होता. मुंबईत तर १७९४ पासून हा दुहेरी अंमल उघड भांडणाचा विषय होता आणि १९२८ पर्यंत मिटला नाही.

आता हद्दीचा हिशेब पाहा. एकाच शहरात, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, एकाच धर्माची दोन चर्च. कॅम्पातल्या गोवेकर खानसाम्याचा धर्मग्राम कोणता? राहतो कॅम्पात, म्हणजे हद्दीने सेंट पॅट्रिकचा. पण माणूस गोव्याचा, म्हणजे गोव्याच्या धर्मगुरूचा. इथे धर्मग्राम हा शब्द हरला आणि मंडळी हा शब्द जिंकला. माणूस ज्या गावचा, त्या गावच्या पाद्र्याकडे गेला. पुण्यात जागेवरून नव्हे, तर मूळ गावावरून चर्च ठरायची सवय तेव्हापासूनची आहे, आणि माझ्या मते ती आजही मोडलेली नाही.

प्रोटेस्टंट बाजूला कॅम्पाचे मुख्य चर्च सेंट मेरी. १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर पुण्याला आला असताना त्याच्या हस्ते त्याचे प्रतिष्ठापन झाले. सेंट पॉल चर्च पुढचे, १८६७ चे. पॅरिसच्या सेंत शापेल या राजमंदिराच्या धर्तीवर बांधलेले. ही सगळी लष्करी वस्ती होती आणि तिची वाढघट कोणाच्या घरात मूल जन्मले यावर नव्हे, तर कोणत्या पलटणीला कुठे हलवले यावर ठरत असे. एक पलटण गेली की रविवारी बाके रिकामी; दुसरी आली की पुन्हा भरली. त्यातच पुण्याचा ‘सीझन’. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी, गणेशखिंडीचा राजवाडा त्यासाठीच बांधला गेला. त्याच्यामागे कचेऱ्या, साहेब, मडमा, मुले, आया, घोडे. म्हणजे इथल्या चर्चची मंडळी दर जूनला वाढे आणि पावसाळा सरला की घटे. आमच्या गावच्या यात्रेसारखेच हे. फक्त यात्रा चार महिने चाले.

अशा चर्चमध्ये भिंतींवर जे लिहिलेले असते तेच मंडळीचे खरे चरित्र. संगमरवरी पाट्यांवर तरुण अधिकाऱ्यांची नावे, कोणी लढाईत गेला, कोणी पटकीत, कोणी पोलो खेळताना. या लोकांचे आजोबा तिथे पुरलेले नाहीत आणि नातूही तिथे पुरले जाणार नाहीत. एका पिढीचेच हे चर्च. पिढी मात्र दर तीन-चार वर्षांनी नवी. पगारही सरकारी. लष्करी पाद्र्यांचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई, आणि हिंदू-मुसलमान रयतेच्या करातून गोऱ्यांची प्रार्थना का चालवावी, असा रोखठोक सवाल आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी केला होता. सवाल बरोबरच होता.

म्हणून १९४७ ला जे झाले ते अचानक नव्हते. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियावरून बोटीत चढली. सरकारी पाद्र्यांचे खातेही त्याच वर्षी बंद झाले. माणसे आणि पैसा, दोन्ही एकदमच गेले. मागे उरले ते अँग्लो-इंडियन कुटुंब: रेल्वेतले, तारखात्यातले, शाळांतले. आमच्या जिल्ह्यात दौंडच्या रेल्वे वसाहतीत त्यांची मोठी वस्ती होती. पण पुढच्या दोन दशकांत तेही इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला निघाले. १८१८ नंतर सिटी चर्चचे जे झाले, तेच १९४८ नंतर कॅम्पातल्या चर्चचे व्हायचे होते: बांधणारे गेले, आता कोण येणार?

येणारे आधीपासून दाराशी उभे होते, असे माझे म्हणणे आहे. कॅम्पात मद्रासी पलटणींमागून आलेली तमिळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. गोवेकर होतेच. त्यांना पूर्वी मागच्या बाकांवर जागा होती, किंवा त्यांची प्रार्थना वेगळ्या वेळी होई. आता ते पुढच्या बाकांवर आले. हे लिहायला एक ओळ लागते. व्हायला वीस वर्षे लागली. कारण बाकासोबत बाकीचेही बदलावे लागते: गाणी कोणत्या भाषेत, उपदेश कोणत्या भाषेत, विश्वस्त कोण, आणि नाताळच्या रात्री पहिली वेळ कोणाची. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिन मिस्सेऐवजी लोकभाषेला परवानगी दिली, आणि कॅथलिकांपुढे हा प्रश्न उघडा पडला. लॅटिन कोणालाच कळत नव्हती, त्यामुळे ती कोणाची अडचणही नव्हती. लोकभाषा म्हटल्यावर विचारावे लागले: कोणत्या लोकांची?

बिशपांच्या यादीतही हे दिसते. जर्मन बिशप हाइनरिख डोरिंग यांना पहिल्या महायुद्धाने पुण्यातून उपटले. जर्मन म्हणून ते शत्रुराष्ट्राचे ठरले. रोमने १९२१ साली त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला पाठवले आणि १९२७ साली ते परत पुण्याला आले. त्यांच्यानंतर १९४९ मध्ये आंद्रू डिसूझा हे पहिले भारतीय बिशप झाले. पुण्याची सत्ता बदलली त्यानंतर दोन वर्षांत पुण्याच्या धर्मप्रांताचीही बदलली.

आता गुरुवार पेठेत या. इथले पंचहौद मिशनचे ‘होली नेम’ चर्च वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळे आहे, कारण ते कोणत्याही पलटणीसाठी बांधलेले नव्हते. इंग्लंडमधल्या कावली फादर्स या अँग्लिकन संघाने आणि १८७७ साली पुण्यात आलेल्या वाँटेजच्या धर्मभगिनींनी ते काम उभे केले. चर्चचे प्रतिष्ठापन १८८५ साली झाले. पुढे त्याच्या शेजारी आठ घंटांचा मनोरा उभा राहिला. पेठेतल्या वाड्यांवरून तो सहज दिसे. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे नेहेम्या गोरे, यांचा याच संघाशी संबंध. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या याच भगिनींच्या आधाराने. आणि १८९० च्या ऑक्टोबरात लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली तीही याच आवारात. गोपाळराव जोशींनी ‘पुणे वैभव’मधून नावे छापली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. आपण ही गोष्ट नेहमी चहा पिणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. ज्यांच्या घरी चहा प्यायल्याने जात जाते, त्या घरातल्या माणसांच्या बाजूने ती कशी दिसली असेल? पेठेच्या मधोमध ते राहत होते, त्याच नळाचे पाणी, त्याच बाजारातली भाजी. आणि त्यांच्या कपाला ओठ लावणे हा खटल्याचा विषय. पंचहौदची मंडळी आवाराच्या भिंतीआड घट्ट बांधली गेली, शाळा, वसतिगृह, दवाखाना सगळे आतच झाले, त्यामागे मिशनचे धोरण जितके तितकीच पेठेने केलेली ही कोंडीही आहे.

हे चर्च पहिल्यापासून मराठी. म्हणून त्याच्या वस्तीचा चढउतार पलटणींच्या हुकमावर चालला नाही. तो आपल्या मुलखाच्या पावसावर चालला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी पुणे-नगरच्या सगळ्याच मिशनांची आवारे भरली. दौंड तालुक्यातले केडगाव हे त्याचे टोकाचे उदाहरण. तिथे रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास मुली आणि बायका होत्या. आजूबाजूच्या कित्येक गावांपेक्षा ही वस्ती मोठी, आणि ती चार वर्षांत उभी राहिलेली. इतक्या माणसांना पुरेल असे चर्च बांधावे लागले. दुष्काळ सरले, मुली मोठ्या झाल्या, लग्ने होऊन गेल्या, १९२२ साली रमाबाई वारल्या, आणि दुष्काळाच्या मापाने बांधलेले सभागृह साध्या वर्षांच्या मापाला मोठे ठरले. कोणत्याही गावाला पुराची खूण भिंतीवर दाखवता येते. केडगावला दुष्काळाची खूण इमारतीच्या आकारात दिसते.

पुणे शहरात मात्र त्याच वर्षांत उलटे चालले होते. १८९१ च्या जनगणनेत कॅम्पासह पुण्याची वस्ती सुमारे १ लाख ६१ हजार होती. १९०१ ला ती १ लाख ५३ हजारांवर आली. मधे प्लेग होता. शहर घटत असताना मिशनच्या वह्या वाढत होत्या. मी आधी म्हटले ते इथे लागू होते: वहीतला आकडा हा शहराचा आकडा नाही. नुसत्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहून कोणी ‘या दहा वर्षांत पुणे भरभराटले’ असे लिहिले, तर ते शेकडो पोरक्या पोरांना भरभराट म्हणणे होईल.

पंचहौदची ओहोटी नंतर आली आणि ती सावकाश आली. आवारात शिकलेली मुले शिक्षक झाली, परिचारिका झाल्या, छापखान्यात, रेल्वेत, दारूगोळा कारखान्यात लागली. पगार आला, की पेठेतली खोली सोडून खडकीला, येरवड्याला, पुढे पिंपरी-चिंचवडला घर झाले. परदेशी फादर आणि भगिनी गेल्या, मिशनचे पैसे आटले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतातले संयुक्त चर्च, सीएनआय, झाले. अँग्लिकनांचे सेंट मेरी आणि पंचहौद दोन्ही त्यात आली. साहेबांचे चर्च आणि पेठेतले चर्च एकाच धर्मप्रांतात. शंभर वर्षांपूर्वी हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. पण पेठेतली मंडळी पांगली तरी मंडळीच राहिली. आजही अशा जुन्या मराठी चर्चला लोक पंधरा-वीस किलोमीटरवरून रविवारी येतात, वाटेत तीन चर्च मागे टाकून. आजोबांचे लग्न इथे झाले, एवढे कारण पुरते.

माणसे गेली आणि दुसरी आलीच नाहीत, तर काय होते तेही पाहावे. मुंबईत मरोळजवळ जेझुइटांनी १५७९ साली सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च बांधले. १८४० साली साथ आली, वस्तीने गाव सोडले आणि धर्मग्राम मरोळला हलवला. जुनी इमारत तशीच सोडली. पुढे त्या जमिनीवर सीप्झ हा निर्यात उद्योगांचा परिसर आला, आणि ते पडके चर्च आता त्याच्या फाटकाआड आहे. तिथे धर्मग्रामाने शहाणपणाने माणसांच्या मागे जाणे पसंत केले. इमारतीचे अवशेष झाले. पुण्यातल्या चर्चनी जागा सोडली नाही, माणसे बदलू दिली. दोन्ही मार्गांनी काहीतरी गमवावेच लागले.

पुण्याचे पुढचे भरते कारखान्यांचे. १९५४ नंतर पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग मोटारींचे कारखाने. त्यामागून केरळी, तमिळ, मंगळुरी ख्रिस्ती. १९५५ साली कँडीहून पोपचे धर्मगुरू-विद्यालय पुण्याला नगर रस्त्यावर आले. याच रस्त्याने नगर जिल्ह्यातले मराठी कॅथलिकही शहरात उतरत होते, एसटीने, हातात पत्र्याची पेटी घेऊन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइटांनी ज्या खेड्यांत काम केले, त्या खेड्यांचे हे नातू. कॅम्पातल्या चर्चची वस्ती वडगाव शेरी, खराडी, वानवडीकडे सरकली आणि हद्दी पुन्हा पुन्हा कापाव्या लागल्या. मोठ्या नकाशावरही तेच: १९८७ साली नाशिक धर्मप्रांत पुण्यातून वेगळा झाला, २००५ साली सिंधुदुर्ग.

आणि १९८८ साली एक जुनीच गोष्ट नव्या नावाने परत आली. महाराष्ट्रातल्या सिरो-मलबार केरळी कॅथलिकांसाठी कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याची हद्द जमिनीवर आधीच्या धर्मप्रांतांवरच पडते, पुणेही त्यात येते. कोण त्याचा, हे ठरते उपासनेच्या परंपरेवरून. २०१५ साली सिरो-मलंकार कॅथलिकांचेही असेच केंद्र झाले, आणि ते खडकीला. खडकी म्हणजे इंग्रजी तोफखान्याची छावणी. आज ते केरळच्या एका प्राचीन उपासना-परंपरेचे बिशपस्थान आहे. पाद्रोआदोचे भांडण मिटवायला सव्वाशे वर्षे लागली, आणि मग चर्चने आपण होऊन, कायद्यात बसवून, पुन्हा दुहेरी अंमल आणला. याला मी माघार म्हणणार नाही. परक्या शहरात माणूस आधी आपली भाषा शोधतो, मग देव, हे चर्चने मान्य केले एवढेच. १९८३ च्या कॅथलिक कायद्यातही धर्मग्राम सर्वसाधारणपणे जागेवरून ठरवावा, पण गरज असेल तिथे भाषा किंवा राष्ट्र यांवरून ठरवावा, अशी तरतूद आहे.

मला काळजी आहे ती या सगळ्यात मराठीची. केरळी माणसाला स्वतःचा बिशप आहे. तमिळांना, कोकणीभाषकांना त्यांच्या वेळा आहेत. इंग्रजी ही सर्वांची तडजोडीची भाषा, म्हणून रविवारी सकाळची सोयीची वेळ बहुधा तिची. नगर रस्त्याने आलेला मराठी कॅथलिक या शहरात स्थानिक धरला जातो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी सोय करावी असे कोणाला वाटत नाही. आणि तो बहुधा गरीब असतो, म्हणून तो मागत नाही. त्याची मुले इंग्रजी शाळेत जातात आणि इंग्रजी मिस्सेला बसतात. ज्या भाषेत फादर स्टीफन्सनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, त्या भाषेला तिच्याच मुलखातल्या मोठ्या शहरात मिस्सेच्या वेळापत्रकात कोपरा धरून बसावे लागते. पंचहौदसारख्या मराठी मंडळ्यांनी पेठ ओसरल्यावरही भाषा सोडली नाही, याचे मोल त्या मंडळ्यांनाही पुरते ठाऊक आहे की नाही, कोण जाणे.

कॅथलिक वह्यांतला एक नियम अजून सांगायचा राहिला. लग्न कुठेही झाले तरी ते लावणाऱ्या धर्मगुरूने वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचे, आणि तिथल्या मूळ नोंदीशेजारी समासात ती तारीख आणि ते गाव लिहायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा नियम कसोशीने पाळला जातो. म्हणजे कॅम्पात ज्याचा बाप्तिस्मा झाला आणि ज्याला मुलगा असतानाच आईबापांनी पर्थला नेले, त्याचे पान पुण्यात अजून चालू आहे. तिकडे त्याचे लग्न लागले की पूर्वी पत्र येई, आता बहुतेक ईमेल येतो. मग कचेरीतला कारकून कपाटातून त्या सालची जाड वही काढतो, सुटलेली पाने सांभाळत ओळ शोधतो, आणि बोटभर रुंदीच्या समासात बारीक अक्षरात ऑस्ट्रेलियातले गाव लिहितो. बऱ्याच पानांवर समासात आता जागा उरलेली नाही. तिथे कागदाची चिठ्ठी चिकटवतात.